सोयाबीनच्या काडाची कुंडी, घरच्या घरी वाढवलेली

दही लावता येतं ना, मग हेही जमेल. काड म्हणजे दूध आणि अळिंबीचं (मशरूमचं) स्पॉन, म्हणजे तिचं बियाणं, हे विरजण. बुरशीचे पांढरे धागे, म्हणजे मायसेलियम, काडाच्या तुकड्यांतून फिरत सगळं घट्ट बांधून टाकतात, फेविकॉलबिकॉल काही लागत नाही. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या इकोव्हेटिव्ह कंपनीने थर्माकोलच्या जागी याचंच पॅकिंग बाजारात आणलं, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कला अशा १० हजार विटांचा बुरूज उभा राहिला होता. आपण कुंडीपासून सुरू करू.

अर्धा किलो कोरडं काड घ्या, सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं, पावसात भिजून काळं पडलेलं नको. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. स्पॉन धिंगरीचंच (ऑयस्टर मशरूमचं) घ्या, ती दणकट असते, नवशिक्याला सांभाळून घेते. पिशवीत हिरवा ठिपका दिसला तर ते स्पॉन घेऊच नका.

काड ७० ते ८० अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, वर वजन ठेवा नाहीतर तरंगतं. मग निथळत टाका आणि इथे घाई करू नका, माझी पहिली बॅच इथेच गेली, काड ओलंगिच्च राहिलं आणि चौथ्या दिवशी सगळं हिरवंगार. मुठीत दाबलं की एखाददुसरा थेंब यावा, धार लागली तर अजून निथळू द्या.

गार झाल्यावर हात, टोप, ओटा सगळं स्पिरिटने पुसा, पंखा बंद, आणि किलोभर ओल्या काडाला १०० ग्रॅम स्पॉन मिसळून पिशवीत भरा. बारीक भोकं पाडून कापसाने बंद करा, अंधाऱ्या कपाटात ठेवा, २५ अंशांच्या आसपास. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरं होतं. मे महिन्यात नका करू हे, उकाड्यात जमत नाही. हिरवं पडलं तर पिशवी घरात उघडू नका, तशीच बाहेर न्या.

आता पांढरा गठ्ठा कुस्करा, दोन चमचे मैदा घाला (बुरशीला खाऊ), आणि मोठ्या डब्यात छोटा डबा ठेवून मधल्या फटीत दाबून भरा. भिंत दोन-अडीच सेंटिमीटर तरी हवीच, पातळ केली की कोपरे तुटतात. वरून क्लिंग फिल्म, तिला टाचणीने भोकं. चार-पाच दिवसांनी काढा आणि सैल पिशवीत अजून एक-दोन दिवस ठेवा, बाहेरून मखमलीसारखी साल येते, खरी मजा तीच.

मग दोन दिवस उन्हात आणि नंतर ओटीजीमध्ये ८०-९० अंशांवर तीन-चार तास, हातात घेतल्यावर कोरडी आणि हलकी लागेपर्यंत. नुसत्या उन्हावर भागवू नका. मी एकदा भागवलं होतं, बुरशी आत जिवंतच राहिली आणि जुलैत कुंडीच्या काठावर अळिंबी उगवली! बीजाणू हवेत उडाले की दम्यावाल्यांना त्रास होतो, त्यामुळे छत्र्या दिसल्या तर लगेच वाळवा.

पाण्याला ही टिकत नाही. आत प्लास्टिकची कुंडी ठेवून वरचं आवरण म्हणून वापरा, जुनी झाली की कुस्करून मातीत टाका.