बेल्ट ओरडतोय म्हणून बोनेट उघडण्याआधी

अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), एसी आणि पाण्याचा पंप फिरवणारा इंजिनचा बेल्ट नवा टाकूनही दुसऱ्या दिवशी गाडी तशीच किंचाळली. दोष निघाला आयडलर पुलीच्या, म्हणजे बेल्टला नुसती वाट दाखवणाऱ्या चाकाच्या, बेअरिंगमध्ये. जुना बेल्ट उतरवलेला असताना पुल्या हाताने फिरवून बघितल्या असत्या तर जागेवरच कळलं असतं. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय, आणि पुल्यांबद्दल पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

सपाट जागा, हँडब्रेक, चाकाखाली दगड. हे सांगायला नको.

बेल्ट काढायच्या आधी आवाज नीट ऐकून घ्या. थंड इंजिन सुरू करताच, एसी लावताच किंवा हेडलाइट लावताच लांब किंकाळी येत असेल तर बेल्ट घसरतोय: ताण कमी आहे, कुठून तरी तेल किंवा कूलंट लागलंय, नाहीतर एखादी पुली जड फिरतेय. चिवचिव असा तुटक आवाज इंजिनच्या वेगाबरोबर वाढत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. घरघर असेल तर बेअरिंग. शंका असेल तर इंजिन चालू ठेवून स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज लगेच बंद होऊन थोड्या वेळाने परत आला तर रेषेचा प्रश्न. आवाज वाढला तर ताणाचा. हे करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी काहीही जवळ नको, आणि हात तर अजिबात नको. पावसाळ्यात पहाटे एखादं मिनिट ओरडून गप्प होणारा बेल्ट बऱ्याचदा नुसता ओला झालेला असतो, त्यासाठी लगेच दुकानात धावू नका.

बेल्ट विकत घेताना जुन्याच्या पाठीवरचा नंबर वाचा. ६पीके १११५ असं काहीतरी असतं: सहा धारी, आणि पुढचा आकडा मिलिमीटरमध्ये लांबी. पुसला गेला असेल तर गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगून मागा. ‘हा पण बसेल’ असं दुकानदार म्हणाला तर घेऊ नका, कारण थोडा लांब बेल्ट असला तरी ताण द्यायला जागाच उरत नाही. जुन्या बेल्टला भेगा नाहीत म्हणजे तो चांगला, हेही धरून चालू नका. हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे झिजतात. खाचा खोल होतात, बेल्ट पुलीत तळाला टेकतो आणि मग घसरतो. जुन्या डिझेल जीपला दोन व्ही-बेल्ट (इंग्रजी व्हीच्या आकाराचे) असतील तर दोन्ही एकदमच बदला. एक नवा, एक जुना असं केलं की सगळा भार नव्यावर येतो.

बेल्टवर साबण घासणे, मेण लावणे, गंज सोडवायचा स्प्रे मारणे, आवाज घालवायचा चिकट स्प्रे मारणे: काहीही करू नका. आवाज थोडा वेळ दबतो, रबर बिघडतं, धूळ चिकटते आणि खरं कारण झाकलं जातं.

हत्यारं: बॅटरीसाठी १० चा पाना, अल्टरनेटरच्या बोल्टांसाठी बहुतेक गाड्यांना १२ आणि १४, ऑटो टेन्शनर (बेल्टला आपोआप ताण देणारी पुली) असेल तर लांब दांडा, टॉर्च, जुना टूथब्रश, ब्रेक क्लीनर, चिंध्या, आणि एक सरळ लोखंडी पट्टी. काही गाड्यांत पुढचं चाक काढून खालूनच हात जातो. तिथे जॅकखेरीज स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही. इंजिन गार होऊ द्या, चावी काढून घ्या, बॅटरीचा निगेटिव्ह सोडा. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत चावी बंद असतानाही फिरतो, आणि अल्टरनेटरच्या जाड वायरला कायम करंट असतो. बेल्टचा फोटो काढा, वरून एक, खालून एक. आठवणीवर विसंबू नका. आणि झाकणाआडचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा, हा वेगळा विषय आहे, त्याला हात लावू नका.

बेल्ट उतरला? थांबा. नवा बेल्ट खोक्यातच राहू द्या. आधी प्रत्येक पुली हाताने फिरवा. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, वॉटर पंप, आयडलर, टेन्शनर, एकही सोडू नका. कान जवळ न्या. खरखर, अडखळणं, रेती असल्यासारखं काही लागलं तर ते बेअरिंग गेलं. आयडलरला टिचकी मारल्यावर तो कोरडा सुंss आवाज करत बराच वेळ फिरत राहिला तर त्याला ‘मोकळा फिरतोय’ म्हणून पास करू नका, आतलं ग्रीस संपलंय. चांगली पुली गुळगुळीत फिरते आणि लवकर थांबते. मग तीच पुली दोन्ही बाजूंनी हलवून बघा. हलली तर बदला. एसीची पुली फिरवताना मधली प्लेट स्थिर राहते, ते बरोबर आहे. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला एका दिशेने मोकळी फिरणारी पुली असते. ती दोन्हीकडे अडकत असेल तर नवा बेल्टही फडफडणार. वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा ओघळ दिसला तर पंपच जातोय. पुन्हा सांगतो: पुल्या फिरवायला बेल्ट निघालेला असताना पाच मिनिटंही लागत नाहीत, बेल्ट चढल्यावर त्या तपासताच येत नाहीत. कुणी मदतीला असेल तर त्यालाही फिरवायला लावा, दुसऱ्या हाताला वेगळं जाणवतं. फिरवल्या? सगळ्या? टेन्शनरची पण?

मग पुल्यांच्या खाचा ब्रश आणि ब्रेक क्लीनरने घासून कोरड्या करा. गळती असेल तर ती आधी बंद करा, नाहीतर नव्या बेल्टवरही तेच तेल येणार. लोखंडी पट्टी पुल्यांच्या तोंडांना लावून रेष बघा. अल्टरनेटरचा बोल्ट किंवा बुश झिजला असेल तर अल्टरनेटर तिरका बसतो.

बेल्ट फोटोप्रमाणे चढवा, प्रत्येक धार आपापल्या खाचेत. ताण गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. जास्त आवळलात तर अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंगं जातात. बोल्ट घट्ट, क्रँक पुली (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची) पान्याने दोन फेरे, बेल्ट जागेवर आहे ना. पाने, चिंध्या बाहेर. बॅटरी. इंजिन सुरू, एसी, हेडलाइट, ऐका. हाताने ताण देण्याचा प्रकार असेल तर काही शे किलोमीटरनंतर ताण परत बघा, नवा बेल्ट थोडा सैलावतो.