घरच्या तुपाची नानकटाई, कुकरात भाजलेली

नानकटाई बिघडली की लोक सोड्याला दोष देतात, नाहीतर गॅसला. बहुतेक वेळा दोष तुपाचा असतो. तूप कसं आहे, घट्ट की पातळ, रवाळ की गुळगुळीत, हे नीट पाहिलं तर बाकीचं काम शाळकरी पोरगंही करेल.

मी आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवत होतो. व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, धरायची सवय लागलेल्या माणसाला 'वाटीभर' हे माप पटत नाही, कारण आमच्या मिरजेच्या घरातच तीन आकाराच्या वाट्या आहेत. सौ. म्हणते, स्वयंपाक अंदाजानंच होतो. आमटी होते, मान्य. नानकटाई होत नाही. भाजायला टाकल्यावर तिच्यात काही घालता येत नाही की काढता येत नाही. म्हणून खालची मापं ग्रॅममध्ये. छोटा वजनकाटा घ्या, पुढं चकलीच्या भाजणीलाही कामाला येतो.

साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ९०, मैदा १४०, बेसन ४०, बारीक रवा २०. खायचा सोडा पाव चमचा, सपाट. चक्का एक लहान चमचा. चिमूटभर मीठ, चार-पाच वेलदोड्यांची पूड, थोडं जायफळ किसून. यात मध्यम आकाराच्या वीसेक होतात.

आता तूप. पूर्वी आमच्याकडं दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीत जायची पद्धत होती. तिथला भट्टीवाला पीठ मळून, पत्र्यावर गोळे लावून भाजून द्यायचा आणि आपण डबे भरून घरी आणायचे. त्या नानकटाईला वर भेगा छान पडायच्या, आकार उभा राहायचा, त्यातला बराचसा गुण डालड्याचा. १९३७ पासून आपल्याकडं मिळणारं हे वनस्पती तूप साजूक तुपापेक्षा जास्त उष्णतेपर्यंत घट्ट राहतं, त्यामुळं गोळा पसरायच्या आत पीठ शिजून बसतं. साजूक तूप त्याआधीच वितळतं. म्हणजे चव वरचढ, पण आकार धरायला कच्चं. चवीसाठी साजूकच वापरायचं असेल, आणि मी तेच वापरतो, तर त्याची काळजी घ्यावी लागते.

म्हशीचं तूप घ्या. गाईच्या तुपापेक्षा ते घट्ट बसतं, कणीही मोठी असते. वितळवून कधीही घालू नका. ऑक्टोबरच्या उन्हात तूप डब्यातच पळीनं ओतण्याइतकं पातळ झालेलं असेल, तर वाटीत काढून फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवा. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण बोट बुडू नये. थंडीत उलटं होतं, दगड झालेलं असतं. तेव्हा रात्री ओट्यावर काढून ठेवा, गॅसवर धरू नका.

मग फेसायचं. परातीत तूप आणि चाळलेली पिठीसाखर घेऊन तळहातानं घासत राहायचं. सुरुवातीला कणी हाताला लागते, मग ती मोडते, रंग पिवळटाचा पांढरा होतो आणि मिश्रण हलकं होतं. दहा मिनिटं तरी लागतात. घासताना तुपात हवा कोंडली जाते, नानकटाई खुसखुशीत होते ती त्या हवेनं. सोडा फक्त मदतीला असतो. हात गरम असणाऱ्यांनी लाकडी उलथनं किंवा बीटर वापरावा, नाहीतर फेसता फेसताच तूप पातळ होतं.

पिठीसाखरेऐवजी नुसती साखर चालणार नाही. तुपात पाणी जवळजवळ नसतंच, मग साखर विरघळणार कशात? दाणे तसेच राहतात, भाजताना वितळून बाजूला पसरतात आणि गार झाल्यावर दाताखाली कडक लागतात. मिक्सरमध्ये घरी वाटलेली साखर चालते, पण बारीक चाळणीतून दोनदा चाळा.

बेसन मंद आचेवर तीन-चार मिनिटं कोरडं भाजून घ्या, कच्चा वास जातो. ते पूर्ण गार होऊ द्या. कोमट बेसन तुपात पडलं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

फेसलेल्या तुपात चक्का आणि सोडा घालून एकदा फिरवायचं. नुसत्या सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं. ते नसेल तर तो फक्त उष्णतेनं फुटतो आणि जास्त पडला असेल तर मागं साबणासारखी चव ठेवतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्याबरोबर ते आंबट घटक कोरडे मिसळलेलेच असतात. तीच घरात असेल तर अर्धा चमचा घ्या आणि चक्का घालू नका. नानकटाई थोडी फिकट दिसेल, कारण सोड्यानं रंग लवकर येतो. दोन्ही डबे जुने झाले असतील तर तपासून घ्या: सोड्यावर लिंबू पिळा, बेकिंग पावडरवर कडकडीत पाणी घाला. फसफसलं तर चांगलं, गप्प बसलं तर टाकून द्या. ढोकळ्याचं इनो इथं उपयोगाचं नाही, ते ओलं झाल्याबरोबर सगळा जोर संपवून बसतं.

मैदा, बेसन, रवा, मीठ एकत्र चाळून तीन भागांत घाला. इथं मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं तिंबलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाईचं बिस्कीट होतं. पीठ भुसभुशीत वाटलं तर दूध-पाण्याला हात लावू नका, चमचाभर तूप आणखी घाला. चक्क्यात असतो तेवढाच काय तो ओलावा. पीठ झाकून अर्धा तास ठेवा, रवा जरा मुरतो.

आता भट्टी. ओव्हन असेल तर १६० अंशांवर आधी तापवून अठरा ते वीस मिनिटं. नसेल तर पाच लिटरचा कुकर घ्या. रबर काढा, शिट्टी काढा. या दोन्ही गोष्टी न चुकता, दाब तयार होता कामा नये. तळाशी जाड मीठ बोटभर पसरा, त्यावर जाळी किंवा उलटी वाटी ठेवा आणि झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका, कोरडं तापवल्यावर त्याचा थर खराब होतो. मीठ नंतर बरणीत भरून याच कामाला ठेवा. आणि नुसत्या साध्या मायक्रोवेव्हचा नाद सोडा, त्यात कोरडी गरम हवा फिरत नाही.

वीस-वीस ग्रॅमचे गोळे करून तूप लावलेल्या ताटलीत ठेवा, मध्ये दोन बोटं अंतर सोडा. अंगठ्यानं हलकंच दाबून चारोळी टेकवा. कुकरात एका वेळी सहा-सातच मावतात. ताटली आत ठेवली की आच एकदम बारीक करा आणि पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. साधारण बावीस-पंचवीस मिनिटांत कडा बदामी होतात. वरचा भाग फिकाच राहील, कुकरात वरून आच नसते. तो रंग यायची वाट बघितलीत तर खालून करपेल. एक उलटी करून बघा, तळ सोनेरी झाला की काढा.

त्या वेळी ती मऊ लागते, उचलली तर मोडते. कच्ची आहे समजून परत आत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. दहा मिनिटं ताटलीतच राहू द्या, तूप आळलं की ती आपोआप घट्ट होते. डब्यात भरायची पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर आत वाफ धरून नरम पडते. पंधरा दिवस छान टिकते. चहाबरोबर खा, पण चहात बुडवू नका. कपाच्या तळाशी शिरा होतो.

दुसरा घाणा लावताना कुकर आधीच तापलेला असतो, तेव्हा तीन-चार मिनिटं कमी धरा. ताटली मात्र गार पाण्यानं धुऊन, कोरडी करून मगच गोळे लावा. गरम ताटलीवर ते भाजण्याआधीच पसरतात.