कनेक्टिंग फ्लाइट रद्द झाली? आधी कोणतंही बटण दाबू नका

मे महिन्याच्या सुट्टीत माझी बहीण, मेहुणे, दोन मुलं आणि सासूबाई असे पाच जण नागपूरहून दार्जिलिंगला निघणार होते. नागपूर-दिल्ली, तिथून दिल्ली-बागडोगरा. निघायला नऊ दिवस असताना दुपारी मेसेज आला : दुसरं विमान रद्द झालं आहे, तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली आहे, खालच्या लिंकवर जा. बहिणीने लगेच 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं. न दाबलं तर तीही जागा जाईल, अशी तिला भीती. संध्याकाळी मेहुणे घरी आले तेव्हा उजेड पडला, की दिल्लीत एक अख्खी रात्र काढायची आहे आणि दार्जिलिंगच्या हॉटेलची पहिली रात्र बुडाली आहे. कॉल सेंटरवरचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुम्ही ऑलरेडी अ‍ॅक्सेप्ट केलंय."

हा लेख त्या दुपारसाठी आहे. मेसेज आला, आता काय करायचं?

पहिलं काम : काहीही न दाबणं

मेसेजमधल्या लिंकवर न जाता कंपनीचं अ‍ॅप किंवा वेबसाइट स्वतः उघडा, पीएनआर टाका आणि बदल खरा आहे का ते बघा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला दिसेल तो नंबर फिरवू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर सापडतात, आणि 'रिफंड देतो' म्हणत ते ओटीपी मागतात. नंबर तिकिटावरचाच घ्या.

बदल खरा निघाला तर तिथे साधारण तीन बटणं दिसतील : नवी वेळ मान्य, तारीख बदला, रद्द करा. तिन्ही राहू द्या. पहिलं दाबलंत तर तुम्ही मान्य केलंत असा अर्थ होतो. तिसऱ्यात तर जास्तच गोम आहे. विमान रद्द कंपनीने केलंय, तुम्ही नव्हे. साध्या 'कॅन्सल बुकिंग'च्या वाटेने गेलात आणि यंत्रणेने ते तुमच्या मर्जीने केलेलं रद्दीकरण धरलं, तर कॅन्सलेशन चार्ज कापून उरलेले चिल्लर पैसे हातात पडतील. आधी स्क्रीनशॉट काढा. जुनी वेळ, नवी वेळ, मेसेज आल्याची तारीख आणि तास. पुढे सगळं गणित त्या तारखेवर चालतं.

दोन विमानं, पण तिकीट एक की दोन?

पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर असेल, म्हणजे ती सहा अक्षरं-अंक दोन्ही विमानांना एकच असतील, तर तुम्हाला बागडोगऱ्यापर्यंत पोचवणं ही कंपनीची जबाबदारी. ई-तिकिटावर तेरा आकडी तिकीट नंबर असेल तर तोही बघा. नियमात 'एकाच तिकीट क्रमांकावरचं कनेक्शन' असेच शब्द आहेत.

पण दोन तिकिटं वेगवेगळी घेतली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी पहिल्या विमानाशी तिचा काही संबंध नाही. पहिलं रद्द झालं म्हणून तुम्ही दुसऱ्याला पोचला नाहीत, तर तिच्या वहीत तुम्ही 'नो-शो', म्हणजे न आलेले प्रवासी. काही बुकिंग साइट दोन स्वतंत्र तिकिटं एकत्र चिकटवून एकाच प्रवासासारखी विकतात. कुठेतरी बारीक अक्षरांत 'सेल्फ ट्रान्सफर', म्हणजे विमान बदलणं तुमच्या जबाबदारीवर, असं लिहिलेलं असतं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, तेव्हा एक विमान मुंबईच्या जुन्या विमानतळावर सांताक्रूझला उतरतं आणि दुसरं नवी मुंबईच्या उलव्याहून सुटतं, असला प्रकारही तपासून घ्या.

वेगळी तिकिटं असतील तर लगेच दोन फोन करा. पहिल्या कंपनीकडून पूर्ण रिफंड मागा, आणि दुसरीकडे विमान सुटायच्या आत तारीख बदला किंवा रद्द करा. नॉन-रिफंडेबल तिकिटावरही विमानतळाची शुल्कं आणि कर परत मागता येतात. फार नसतात, पण पाच जणांचे मिळून एका जेवणाचे निघतात.

नियम काय म्हणतो

देशांतर्गत प्रवासाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम लागू होतात. 2010 साली ते आले आणि नंतर अनेकदा सुधारले गेले. त्यांचा गाभा असा : रद्द होणार असल्याचं कंपनीने दोन आठवडे आधी कळवावं, आणि पर्यायी विमान किंवा रिफंड, जे *प्रवाशाला मान्य असेल* ते द्यावं. दोन आठवड्यांच्या आत, पण सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं, तरी हीच निवड तुमच्याकडे असते. 'प्रवाशाला मान्य असेल ते' हे शब्द पाठ करा. फोनवर कामाला येतात.

कंपनीने असं कळवलंच नाही, किंवा एकाच तिकिटावरचं तुमचं कनेक्शन हुकलं, तर तिने पर्यायी विमान द्यावं, नाहीतर पूर्ण रिफंड आणि वर भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला 7,500, त्याहून लांबच्याला 10,000. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मेसेज इथेच थांबतात आणि पुढचं अर्धं वाक्य खातात : ही रक्कम *किंवा* एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. पावणेदोन तासांच्या उड्डाणाचं मूळ भाडं इंधनासकट 4,200 असेल, तर हाती 4,200 येतील, साडेसात हजार नव्हे. वादळ, धुकं, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणाची अडचण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने उड्डाण रद्द झालं तर भरपाई नाही. रिफंड किंवा पर्याय मात्र तेव्हाही आहेच. आणि बुकिंगमध्ये तुमचा फोन नंबर नीट दिला नसेल तरी भरपाई जाते. एजंट स्वतःचाच नंबर घालून ठेवतो, तेव्हा तिकीट हातात आलं की तेवढं बघा.

पर्याय तुम्हीच शोधून द्या

फोन करून 'आता काय करता बोला' असं विचारलंत, तर यंत्रणेने आधीच लावलेलं दुसऱ्या दिवशीचं विमान परत वाचून दाखवतील. म्हणून फोनच्या आधी त्याच कंपनीच्या साइटवर तुमची तारीख टाका आणि बागडोगऱ्याला कोणकोणत्या वाटेने जागा आहेत ते बघा. बहिणीच्या वेळी नागपूर-कोलकाता-बागडोगरा त्याच दिवशी मिळत होतं. यंत्रणेने दिल्लीच धरून ठेवली होती, इतकंच.

बोलणं असं हवं : "विमान तुम्ही रद्द केलंय. अमुक तारखेला कोलकातामार्गे तुमच्याच या दोन विमानांत पाच जागा दिसताहेत. भाड्यातला फरक न घेता आम्हाला त्यात घ्या." विमान क्रमांक वाचून दाखवा. दोनदा नकार आला. तिसऱ्या फोनला दुसऱ्या मुलीने पाच मिनिटांत करून दिलं, 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलेलं असूनही. फोन ठेवून पुन्हा लावणं ही काही युक्ती म्हणवत नाही, पण चालते.

पोचायचं ठिकाणही थोडं सैल ठेवा. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. कोल्हापूरकरांना बेळगावही जवळ. उलट, बदलून आलेलं तिकीट न वाचता दाबोळीला टॅक्सी सांगितली आणि उतरलो मोपाला, असंही होऊ शकतं.

नवं तिकीट आलं की नावांबरोबर आणखी तीन गोष्टी तपासा : व्हीलचेअर, पैसे भरून घेतलेल्या सीट, जादा सामान. बदलाबदलीत ही मंडळी मुकाट गळून पडतात. सासूबाईंची व्हीलचेअर अशीच गळाली होती.

पहिलं विमान गाळून थेट दुसऱ्याला?

हा मोह हमखास होतो. समजा नागपूर-दिल्ली रद्द झालं, दिल्ली-बागडोगरा शाबूत आहे. मग रात्रीची रेल्वे पकडून दिल्ली गाठू आणि तिथून बसू! कल्पना उत्तम आहे, पण कंपनीला न सांगता असं करू नका. एका तिकिटावरचा पहिला टप्पा तुम्ही वापरला नाहीत की पुढचे टप्पे आपोआप रद्द होऊ शकतात, परतीचाही. आधी फोन करा, पहिला टप्पा तिकिटातून काढून पुढचा कायम ठेवायला सांगा, आणि दुरुस्त तिकीट ईमेलवर आल्याशिवाय स्टेशनवर जाऊ नका. गाळलेल्या टप्प्याचे पैसेही मागा. रेल्वेसाठी एसीचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी 10 ला उघडतं, स्लीपरचं 11 ला.

अर्ध्या वाटेत अडकलात तर

दिल्लीत उतरलात आणि बोर्डावर पुढचं विमान लाल अक्षरात. कुटुंबातल्या एकाला काउंटरच्या रांगेत उभं करा, दुसऱ्याने फोन लावावा, तिसऱ्याने अ‍ॅप धरावं. जिथे आधी जागा मिळेल तिथे बोलणं पक्कं.

विमानतळावर आल्यावर विमान रद्द झालं असेल, तर पर्यायी विमानाची वाट बघेपर्यंत खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. मागितल्याशिवाय कूपन बाहेर येत नाही, म्हणून मागा. हॉटेलचा नियम उशिराच्या बाबतीत स्पष्ट आहे : 24 तासांहून जास्त उशीर, किंवा रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानच्या विमानाला 6 तासांहून जास्त. रात्र काढावी लागत असेल तर याच नियमाचा धागा धरून खोली मागा. नाही म्हणाले तर त्यांचं उत्तर लेखी घ्या आणि स्वतःच्या खर्चाच्या पावत्या जपा.

बॅगा थेट बागडोगऱ्यासाठी टाकलेल्या असतील तर त्या बाहेर काढायला सांगा. औषधं त्यातच असतात, हा जुना अनुभव. सुरक्षा तपासणी झालेली असेल तर बाहेर पडायलाही कंपनीचा माणूस बरोबर लागतो, एकटे गेलात तर सीआयएसएफचा जवान दारातून परत पाठवेल. निघण्याआधी 'विमान रद्द झाल्याचं प्रमाणपत्र' मागा. प्रवास विमा असेल तर दाव्याला तेच लागतं आणि हॉटेलवाल्यापुढे तारीख बदलून मागतानाही उपयोगी पडतं.

एकाच वेळी शेकडो विमानं रद्द होतात तेव्हा यातलं बरंचसं कोलमडतं. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आणि कंपनीची अपुरी तयारी यामुळे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या विमानांची भाडी इतकी वाढली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं : 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये ते 1,500 किलोमीटरच्या वर 18,000. अशा दिवशी काउंटरवर भांडत बसणारा हरतो. रिफंडची मागणी नोंदवून, सरळ रेल्वेकडे किंवा रस्त्याकडे वळावं, असं माझं मत. फक्त रिफंड मागितल्याची नोंद झाल्याशिवाय दुसरं तिकीट घेऊ नका.

पैसे परत येईपर्यंत

जायचंच नाही असं ठरलं, तर परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असल्यास त्याच्यासकट पूर्ण रिफंड मागा. दार्जिलिंगला गेलोच नाही तर परत कुठून येणार? क्रेडिट कार्डाचे पैसे कंपनीने सात दिवसांत परत करायचे असतात. 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवतो म्हणाले तर नको म्हणा. तशी रक्कम ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपोआप करायचं नाही, असं नियमातच आहे. एजंटाकडून किंवा साइटवरून तिकीट घेतलं असेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. नियमाने जबाबदारी विमान कंपनीचीच. एजंट तिचाच प्रतिनिधी.

परदेशात

नियम कुठून उडालात यावर बदलतो. युरोपची टूर संपवून पॅरिसहून दुबईमार्गे मुंबईला एकाच बुकिंगवर येत असाल, तर कंपनी आखाती असली तरी युरोपीय संघाचा नियम लागतो. 14 दिवसांच्या आत रद्द केलं आणि कारण हाताबाहेरचं नसेल, तर एवढ्या अंतराला प्रत्येकी 600 युरोपर्यंत भरपाई मागता येते. तीच कंपनी मुंबईहून दुबईमार्गे पॅरिसला नेताना मात्र हा नियम नाही. अमेरिकेत रोख भरपाईचा कायदा नाही, पण विमान रद्द झालं आणि पर्याय तुम्ही नाकारला, तर व्हाउचर नव्हे, पैसेच परत.

ऐकलंच नाही तर

आधी कंपनीला ईमेल : पीएनआर, तारीख, काय मागितलं, काय मिळालं, स्क्रीनशॉट. मग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रार पोर्टल, अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर. आटोपशीर तक्रार तिथे बऱ्याचदा मार्गी लागते. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. तरीही नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असो की आणखी कुठे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो. मुदत दोन वर्षांची. बहिणीने हॉटेलच्या बुडणाऱ्या रात्रीसाठी मसुदा लिहूनही ठेवला होता. कोलकात्याची वाट मिळाल्यावर तो लॅपटॉपमध्येच राहिला.