हक्कसोडपत्राचा प्रसंग मी चौथ्या खर्ड्यात कसा सुधारला

माझ्या पटकथेतील थोरली बहीण आणि धाकटा भाऊ यांचे नाते तिसऱ्या खर्ड्यापर्यंत निर्जीव राहिले होते. वडिलोपार्जित शेतीवरील हक्क सोडण्यासाठी भाऊ बहिणीची सही मागतो, हा कथेचा गाभा आहे. पण मी भावाला लोभी आणि बहिणीला सोशिक ठरवून टाकले होते, आणि दोघेही मनातले सारे संवादांतून बोलून दाखवत होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला असला, तरी माहेर तुटू नये म्हणून अनेक बहिणी सही करून देतात, आणि नेमकी हीच भीती माझ्या प्रसंगात कुठेही नव्हती.

मग संवाद बाजूला ठेवून मी दोघांनी एकमेकांसाठी पूर्वी काय केले ते लिहून काढले. भावाने शिक्षण सोडून तिच्या लग्नाचे कर्ज फेडले होते. आईच्या आजारपणात मात्र बहिणीनेच रात्री जागून काढल्या होत्या. आता दोघांचीही बाजू खरी ठरली.

सर्वांत मोठा बदल एका शब्दाने झाला. आयुष्यभर तिला ‘ताई, तू’ म्हणणारा भाऊ दुय्यम निबंधक कार्यालयात ‘तुम्ही इथे सही करा’ असे म्हणतो. बहीण काहीच बोलत नाही. पिशवीतून चष्मा काढते, पदराने पुसते आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागते. पूर्वी या जागी दीड पानाचे भांडण होते. ते मी पूर्णपणे काढून टाकले.