सायकल घ्यायला जाताना पायाचं माप सोबत न्या

‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेतली की पाय टेकत नाहीत, मूल घाबरतं आणि सायकल गॅलरीत धूळ खाते. दुकानात वय सांगू नका, माप सांगा.

१. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ टेकवून उभं करा. दोन पायांमध्ये जाड वही आडवी धरून वर टेकेपर्यंत सरकवा. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा.

२. दुकानात सीट पूर्ण खाली करून घ्या आणि टेप लावा. जमिनीपासून सीटची उंची तुमच्या मापाइतकी किंवा एक-दोन सेंटीमीटर कमी हवी. ४५ सेंमीच्या आसपास माप असेल तर बहुधा १४ किंवा १६ इंची चाकाची सायकल बसते. पण चाकाच्या आकड्यावर विसंबू नका, त्याच आकड्याच्या दोन सायकलींची सीट वेगळ्या उंचीवर असते.

३. मुलाला बसवून बघा. दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत. ब्रेक त्याच्याच बोटांनी दाबायला लावा, तुम्ही दाबून बघण्यात अर्थ नाही.

पुढे उंची वाढली की सीट वर घ्या, मात्र सीटच्या दांड्यावरची खूण दिसू लागेल इतकी नको. तिथून दांडा निसटू शकतो.