गोव्यातल्या बंद खाणीकडे ट्रेकला निघताय? या चुका टाळा

खाण म्हटलं की डोळ्यांपुढे बोगदा येतो आणि हेडटॉर्च, सुटे सेल अशी खरेदी सुरू होते. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यातल्या लोहखनिजाच्या खाणी मात्र उघड्या आहेत. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली नेलेला, मध्ये खंदक, बाजूला टाकाऊ मातीचे डंप. इथली भीती अंधाराची नाही, कडेची आणि पाण्याची आहे.

बंद म्हणजे बेवारस, असं समजणं

२०१२ साली गोव्यातलं खाणकाम थांबलं. पुढे ते सुरू झालं, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजेस, म्हणजे खाणकामाचे भाडेपट्टे, रद्द केल्या आणि मार्चपासून ते पुन्हा बंद पडलं. त्यानंतर लिलाव झाले, काही ठिकाणी काम परत सुरूही झालं. त्यामुळे जुना व्हिडिओ पाहून निघालात तर समोरून खनिजाचे ट्रक येऊ शकतात. लिज क्षेत्रात विनापरवाना शिरता येत नाही. म्हादई किंवा नेत्रावळी अभयारण्यातून वाट जात असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी. गावात चहा घेताना विचारा, "काका, तिकडच्या खंदकाचा पंप चालू आहे का?" खंदकातलं पाणी उपसणारा हा पंप चालू असेल तर खाण ओस नाही, एवढं नक्की.

ट्रकच्या रस्त्यावर विसंबणं

ही चूक सगळ्यात फसवी, कारण रस्ता रुंद आणि सोपा असतो. पण यातले कितीतरी रस्ते गावाला जाण्यासाठी बनलेलेच नाहीत. ट्रकने जिथे माती ओतली तिथे, म्हणजे डंपच्या काठावर, ते संपतात. तो काठ सैल मातीचा. वर अकेशिया, काजू लावलेले असले तरी खालून पावसाने घळी पाडलेल्या असतात. काठाला समांतर भेग दिसली की तिथूनच मागे वळा, फोटोसाठीही पुढे जाऊ नका. मोबाइलच्या नकाशावर विसंबू नका, कारण खोदकामाने उतार बदलतात आणि उपग्रहाचं चित्र जुनं असू शकतं. वाट चुकलीच तर खाली उतरून शॉर्टकट शोधण्यापेक्षा आल्या वाटेने परत फिरा.

डंपच्या पायथ्याशी आणि खंदकाच्या तळाशी तंबू लावायचा नाही. पावसाळ्यात तर हा बेतच नको.

सपाट, कोरडी जागा दिसली म्हणून चालत जाणं

खनिज धुतल्यावर उरलेला गाळ साठवण्याची तळी वाळली की वरून भेगाळलेल्या शेतासारखी दिसतात. वरची पापडी कडक, खाली चिखल. पाय रुतला तर जोर लावून उपसू नका, दुसराही पाय जातो. सॅक काढून बाजूला टाका, मागे रेलून वजन पसरा, पाय हळूहळू हलवत सोडवा आणि आलात त्याच दिशेला सरपटत या.

हिरवंनिळं पाणी पाहून उडी मारणं

पंप थांबला की खंदक भरतो. नदीला काठाजवळ उथळ पट्टा असतो, इथे तो बहुधा नसतो. पहिल्याच पावलाला खोल पाणी आणि बाहेर येताना निसरडी माती. चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या खाणींचंही तेच. पट्टीचा पोहणाराही इथे अडकतो. कुणी पडलंच तर मागोमाग उडी नको. दोरी किंवा रिकामा, झाकण लावलेला कॅन फेका, ११२ वर फोन करा. रेंज नसेल तर एकाने गावाकडे धावावं.

हे पाणी प्यायलाही नको. साधा ट्रेकिंग फिल्टर जंतू गाळतो, विरघळलेलं मँगनीज नाही. शिवाय बारीक मातीने तो तुंबतो. डंपवर सावली जवळपास नसते, तेव्हा पाण्याचं ओझं घरूनच न्या.

परतल्यावरचा ताप अंगावर काढणं

सत्तरीच्या जंगलात माकडतापाची नोंद झालेली आहे. गोचिडीतून पसरणारा हा ताप प्रामुख्याने डिसेंबर ते मे या काळात येतो, म्हणजे नेमका ट्रेकच्या मोसमात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पॅंट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, मुक्कामाला अंग तपासा. आठवड्याभरात अचानक जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना कोणत्या रानात फिरलात ते न विचारता आधीच सांगा.