दिवा किती प्रखर, त्याआधी उंदराचे किती वाजलेत ते पाहा

जैविक घड्याळावर काम करायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात दिव्याबद्दल विचारतात: किती लक्स (उजेडाच्या प्रखरतेचं माप), निळा की पांढरा, किती मिनिटं? मी म्हणते, ते नंतर. आधी सांगा, या उंदराचे आत्ता किती वाजलेत?

दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर मेंदूतलं एससीएन (सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस) हे जैविक घड्याळाचं मुख्य केंद्र आहे. त्यात जेमतेम 20 हजार चेतापेशी. दिवसा त्या भराभर विद्युत संकेत सोडतात, रात्री मंदावतात; आणि हे रात्री जागणाऱ्या उंदरातही तसंच! मला या गोष्टीचं आजही नवल वाटतं.

आता याच पेशींवर उजेड पाडा. दृष्टिपटलातल्या मेलानॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन असलेल्या पेशी साधारण 480 नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक दाद देतात आणि ग्लुटामेट या रासायनिक संदेशवाहकामार्फत एससीएनला निरोप धाडतात. उंदराची रात्र असेल तर तिथे सी-फॉस आणि पिरियड-1 ही जनुकं जागी होतात. रात्रीच्या सुरुवातीला घड्याळ मागे पडतं, रात्र सरताना पुढे जातं. भर दिवसा मात्र तोच दिवा, तेवढाच वेळ लावूनही घड्याळ जवळपास हलत नाही.

त्यामुळे खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नका. कायम अंधारात उंदराचा दिवस 24 तासांपेक्षा थोडा कमी भरतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. दोन आठवड्यांत शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतल्या वेळा फाकतात. म्हणून रोज अ‍ॅक्टोग्राम (हालचालींचा आलेख) बघा. चाकावरची धावपळ सुरू होते ती वेळ सीटी 12 (सीटी म्हणजे त्या उंदराच्या आतल्या घड्याळाची वेळ; 12 म्हणजे त्याच्या रात्रीची सुरुवात) धरा आणि तिथून त्या त्या उंदराचा तास मोजा. याचा अर्थ काही उजेड पहाटे तीनला द्यावे लागतील. घरच्यांना आधीच सांगून ठेवा. तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांनाही अंधारात तसंच उचलायचं, फक्त दिवा लावायचा नाही. नाहीतर दिसलेला बदल उजेडाचा की हाताळणीचा, कळणार नाही.

भारतात या विषयाची पायाभरणी मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी केली. गुहेतल्या वटवाघळांवरचे त्यांच्या गटाचे निबंध जरूर वाचा. प्रयोग कसा रचावा ते त्यातून शिकायला मिळतं.

माणसांकडे वळाल तेव्हा हीच शिस्त सोबत ठेवा. हिवाळी नैराश्यासाठी सकाळी अर्धा तास 10,000 लक्स ही सर्वांना ठाऊक असलेली पद्धत. पण रोज दहाला उठणाऱ्याला पाचला उठवून दिव्यासमोर बसवलं, तर त्याच्या शरीराचं तापमान अजून तळाला पोचलेलंही नसतं. हा तळ सहसा नेहमीच्या उठण्याआधी दोन-तीन तास येतो, आणि त्याआधीचा उजेड झोप आणखी उशिरा ढकलतो. नेहमीच्या वेळेला उठल्यावर लगेच दिवा लावायचा आणि मग उठणं हळूहळू अलीकडे आणायचं.

नातेवाईक आणि मित्र तुम्हाला दिव्याची वेळ विचारतीलच. आधी त्यांच्या उठण्याच्या वेळा लिहून घ्या. कुणाला बायपोलर आजार असेल तर स्वतः काही सुचवू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवा. अशा रुग्णांत प्रखर उजेडाने उन्माद उफाळू शकतो.